फुलसिंग कंडक्टरच्या घरची मराठी

फुलसिंग आडे एसटीतून निवृत्त झाला तेव्हा दिग्रस डेपोतल्या मंडळींनी त्याला शाल दिली, नारळ दिला, पेढे दिले, आणि दोन शब्द बोलायची विनंती तेवढी मुद्दाम केली नाही. तो तरी बोललाच. चहा गार झाला, पेढे संपले, दोन ड्रायव्हर आपापल्या गाड्या घेऊन निघून गेले, तेव्हा कुठे भाषण पुसदच्या घाटापर्यंत आलं होतं.

त्याच्या बोलण्याची ख्याती दिग्रस–पुसद आणि दिग्रस–यवतमाळ या दोन्ही मार्गांवर होती. तिकीट देता देता तो माणसाचं गाव विचारी, गावावरून सोयरीक काढी आणि सोयरिकीवरून सल्ले देई. झोपलेल्या प्रवाशाला उठवून झोप नीट लागली का असंही त्यानं विचारल्याचं सांगतात. बोलायला त्याच्याकडे भाषाही भरपूर होत्या. तांड्यात बंजाऱ्यांची गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि साहेबासमोर एकदम छापील मराठी. या छापील मराठीचा त्याला फार अभिमान होता. सगळा तांडा एसटीला ‘गाडी’ म्हणे. फुलसिंग मात्र घरीदारी ‘बस’ म्हणे, कारण महामंडळाच्या कागदावर तसंच लिहिलेलं असतं.

अशा माणसाला पहिला नातू झाला तो न बोलणारा.

नयन दिसायला गोड, अंगानं धट्टाकट्टा. पण हाक मारली तर बघायचा नाही. डब्याचं झाकण गरगर फिरवत तासन्‌तास बसायचा, चवड्यांवर चालायचा, मिक्सर सुरू झाला की कान दाबून घ्यायचा. जेवायचा तो फक्त आजीच्या, मानीबाईच्या हातून. आणि त्याला आवडायची बस. फुलसिंग दारात उभा राहून नुसतं ‘बस’ म्हणाला की नयन असेल तिथून उठून येई, चपला पायात सरकवी आणि उंबऱ्यावर उभा राही. मग आजा-नातू फाट्यावरून बस पकडून दिग्रसला जात आणि तिथं काहीही काम न करता परत येत. वाटभर आजा बोले आणि नातू खिडकीची काच चाटे. दोघेही खूश असत.

तीन वर्षांचा झाला तरी बोलेना तेव्हा तांड्यानं इलाज सुरू केले. कुणी सांगितलं वेखंड उगाळून जिभेला लावा. लावलं, नयननं ते फुलसिंगच्या शर्टावर थुंकलं. कुणी सांगितलं पोपटाचा उष्टा पेरू द्या. पेरू होता, पोपट नव्हता. फुलसिंगनं आर्णीला जाऊन एकाच्या पिंजऱ्यातल्या पोपटाकडून पेरू उष्टावून आणला, आणि नयननं त्याला तोंडही लावलं नाही. पेरू मानीबाईनं खाल्ला. नवस झाले, भगत झाले. सून राखी बारावी शिकलेली. ती पहिल्यापासून म्हणत होती की डॉक्टरला दाखवू. पण तिचा नवरा सुनील जिनिंगवर कामाला, हंगामात त्याला श्वास घ्यायला सवड नाही, आणि फुलसिंगचं म्हणणं असं की आडे घराण्यात कुणी मुकं झालेलं नाही, पोरगं शब्द साठवून राहिलंय, एकदम बोलेल. त्याचा यावर खरोखर विश्वास होता. आतल्या आत भीतीही होती, पण ती तो बोलत नसे. आयुष्यात न बोललेली बहुधा तेवढी एकच गोष्ट.

मग हरभऱ्याचं प्रकरण झालं. सोंगणीच्या दिवसांत नयन अचानक रडायला लागला तो थांबेना. डोकं भिंतीवर आपटायचा, कुणी धरलं तर चावायचा. पोट दुखतं म्हणून ओवा दिला, दृष्ट लागली म्हणून मिरच्या ओवाळल्या. पोरगं रडून रडून घोगरं झालं, मग ताप चढला. शेवटी दिग्रसच्या डॉक्टरनं कानात बॅटरी मारली आणि चिमट्यानं एक फुगलेला हरभरा बाहेर काढला. नयन तिथल्या तिथे झोपी गेला. डॉक्टर म्हणाला, आजोबा, असं दुखत असताना बोलला कसा नाही तुमचा नातू?

त्या दिवशी परतताना बसमध्ये फुलसिंग गप्प होता. कंडक्टर त्याचाच चेला. त्यानं दोनदा विचारलं की तब्येत बरी आहे ना. फुलसिंगच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आज हरभरा होता. उद्या पोटात दुखलं, छातीत दुखलं, शाळेत कुणी मारलं, तर हे लेकरू कुणाला आणि कसं सांगणार? आपण आहोत तोवर आपण भिंतीजवळ उशी तरी ठेवू. आपण गेल्यावर काय? तो घरी आला आणि राखीला म्हणाला की चल, तू म्हणशील त्या डॉक्टरकडे.

राखीनं मोबाइलवर शोधून मोठ्या शहरातला मोठा डॉक्टर काढला. तिथं बाहेर बसायला मऊ खुर्च्या होत्या आणि आत बोलायला वेळ कमी होता. फुलसिंगनं छापील मराठीत नयनच्या जन्मापासून सुरुवात केली. डॉक्टरनं हात वर करून त्याला बाळंतपणापाशीच थांबवलं. मग नयनकडे बघून खुर्ची दाखवत तो म्हणाला, “बाळ, बस.” नयन ताडकन उठला आणि दाराकडे पळाला. परत आणला. “बस इथे, बस.” परत पळाला. डॉक्टरनं मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि विचारलं की घरात कुठली भाषा बोलता. फुलसिंगनं अभिमानानं तिन्ही सांगितल्या, वर आपल्याला कामापुरतं तेलुगूही येतं म्हणाला. डॉक्टरनं निदान सांगितलं. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. औषधानं जाणारा हा आजार नाही, म्हणाला, शिकवत राहावं लागेल. आणि आधी घरातला हा भाषांचा गोंधळ बंद करा. पोराला साध्या आज्ञाही कळत नाहीत. एकच भाषा ठेवा. शाळा मराठी आहे ना, मग मराठी.

फुलसिंगला ‘स्वमग्नता’ हा शब्द आवडला. एखाद्या साधुपुरुषाला शोभेल असा होता. त्याहून जास्त आवडलं ते दुसरं. इतकी वर्षं काय करावं ते कळत नव्हतं, आता करायला काम मिळालं होतं, आणि कामही त्याच्या हातखंड्याचं. मराठी बोलायचं. घरी पोचेपर्यंत त्यानं सगळं ठरवून टाकलं. उंबऱ्याच्या आत गोरबोली बंद. पाहुणा आला तरी बंद. मोबाइलवर बोलायचं असेल तर अंगणात जाऊन बोला.

राखी आणि सुनीलला जड गेलं नाही. अडचण झाली ती मानीबाईची. मानीबाईला मराठी येत होती, नाही असं नाही. पण ती बाजारातली मराठी होती. तिच्यात भाव होता, माप होतं, वेळेला भांडण होतं; लाड नव्हते. लेकराला मांडीवर घेऊन तेल लावताना काय म्हणायचं ते तिला मराठीत माहीतच नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं घास पुढं करत “घ्या, ताजं आहे” असं म्हणून पाहिलं. फुलसिंग हसला. मानीबाई हसली नाही. ती तेल लावताना एक गाणं म्हणायची, तिच्या आजीपासून आलेलं, सगळं गोरबोलीत. ते फुलसिंगनं तिसऱ्याच ओळीला थांबवलं. तिनं घरातल्या घरात बोलणं कमी कमी करत आणलं आणि पाऊसपाणी सुरू झालं तोवर ती नयनसमोर तोंडच उघडेनाशी झाली. घास भरवायची, तेल लावायची, अंग पुसायची, सगळं मुक्यानं. घरात एक न बोलणारा होता, आता दोन झाले. फुलसिंग मात्र नेमानं मराठी बोलत राहिला, तिघांच्या वाटणीचं.

आणि नयन बिघडला. झाकण फिरवणं बरं म्हणावं असा. बसायचं नावच घेईना. जेवायला बस म्हटलं की दाराकडे. अभ्यासाला बस म्हटलं की दाराकडे. अंघोळीला पाटावर बस म्हटलं तर तसाच ओल्या अंगानं चपला घालून उंबऱ्यावर उभा. त्याला ओढून आणावं तर डोकं आपटायचा. सुनीलनं दाराला वरच्या बाजूला कडी ठोकून घेतली. फुलसिंगला वाटलं, आपली मराठी कमी पडते. त्यानं आवाज वाढवला. “बस, नयन. बस. अरे बस.” पोरगं बंद दाराला डोकं लावून आक्रोश करायचं, आणि आजा मागं उभा राहून तेच तेच म्हणत राहायचा.

यवतमाळला लहान मुलांसाठी एक केंद्र आहे आणि तिथं फारशी गर्दी नसते हे राखीला अंगणवाडीताईनं सांगितलं. या खेपेला राखी सासऱ्याला म्हणाली की आत्याबाईंनाही नेऊ, नयन जेवतो त्यांच्याच हातून. सगळे निघाले. बसमध्ये नयन शहाण्यासारखा खिडकीशी बसून होता, आणि हे नेमकं कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही.

केंद्रातल्या मॅडमचं नाव गौरी. यवतमाळच्याच, वकिलाच्या घरातल्या, पण जमिनीवर सतरंजी टाकून बसणाऱ्या. त्यांनी फुलसिंगला सगळं बोलू दिलं. पेरूपर्यंत ऐकून घेतलं. फुलसिंगला वाटलं, ही बाई हुशार आहे. मग त्यांनी नयनकडे चेंडू सरकवला, झाकण फिरवून दाखवलं, आणि तो जवळ आला तसं सतरंजीवर थोपटून म्हणाल्या, “नयन, बस.” नयन उठून दाराशी गेला. फुलसिंग म्हणाला की पाहिलं ना, असंच करतो, याला आज्ञा कळत नाहीत, मोठ्या डॉक्टरचंही तेच मत आहे. गौरी मॅडमचं लक्ष कोपऱ्यात बसलेल्या मानीबाईकडे गेलं. आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

“आजी, तुम्ही काहीच का बोलत नाही?”

“तिले बंदी आहे, मॅडम,” फुलसिंग म्हणाला.

“कुणाची?”

“डॉक्टरची. अन् माही.”

त्यानं बंदीचा सगळा इतिहास सांगितला, काहीसा फुशारकीनंच. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की मॅडमचा चेहरा कौतुकाचा नाही. त्या म्हणाल्या की दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, आणि एक भाषा काढून घेतल्यानं बोलकंही होत नाही. असं पूर्वी खूप जणांना सांगितलं जायचं, अजूनही कुणी कुणी सांगतं. त्याला जी कळते ती बोलायची. मग त्या मानीबाईकडे वळल्या आणि म्हणाल्या, आजी, तुमच्या भाषेत त्याला बसायला सांगा बरं.

मानीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. तिनं खाकरून घसा साफ केला.

“नयन,” ती म्हणाली, “आव. बेस.”

दाराशी उभा असलेला नयन वळला, चवड्यांवर चालत आला आणि आजीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसला.

गौरी मॅडमनी त्याला तसाच बसू दिला. मग हळूच विचारलं की ‘बेस’ म्हटल्यावर बसतो, म्हणजे आज्ञा कळते. मग ‘बस’ म्हटल्यावर तो दाराकडेच का जातो? दुसरीकडे कुठे का नाही जात? त्यांचा प्रश्न साधा होता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

राखीला माहीत होतं, आत्ताच कळलं होतं, पण सासऱ्याच्या तोंडाकडे बघून ती गप्प राहिली. फुलसिंग आपल्या चपलांकडे बघत होता.

“बस म्हणजे एसटी, मॅडम,” तो म्हणाला. “मीच शिकवलं त्याले. तो ऐकूनच राह्यला होता. मी मंग त्याले दारातून ओढून आणत होतो, अन् परत म्हणत होतो, बस.”

सगळा पावसाळा पोरानं सांगितलेलं केलं होतं. दिवसातून दहा वेळा आजा बसला जाऊ म्हणत होता, दहा वेळा ते चपला घालून तयार होत होतं, आणि दर वेळी दार बंद होतं. आणि वरून त्यालाच समज नाही असं ठरलं होतं. फुलसिंगला लाज वाटली. इतकी लाज त्याला तिकिटात चूक होऊन साहेबासमोर उभं राहतानाही वाटली नव्हती. त्यानं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. नयननं तो हात झटकून टाकला, कारण डोक्यावर हात ठेवलेला त्याला कधीच आवडत नसे.

परतीच्या बसमध्ये मानीबाई बोलायला लागली. यवतमाळच्या स्टँडवर सुरू झाली ती तांड्याच्या फाट्यापर्यंत. नयनला मांडीवर घेऊन तिनं सगळं सांगितलं: शेळी व्याली ते, शेजारणीशी भांडण झालं ते, लिंबाचं लोणचं नासलं ते, त्याचा आजा किती येडा आहे ते. सगळं गोरबोलीत आणि चांगलं मोठ्यानं. फुलसिंगला मध्ये एक शब्द घालायला फट सापडली नाही. कंडक्टर चेल्यानं पुन्हा विचारलं की तब्येत बरी आहे ना.

त्यानंतर महिन्यातून दोनदा यवतमाळ सुरू झालं. गौरी मॅडमनी पहिल्यांदाच स्पष्ट सांगितलं होतं: नयन तोंडानं बोलेल की नाही हे मी आज सांगू शकत नाही. कदाचित नाही बोलणार. पण त्याला काय हवं आणि काय नको हे तो आपल्याला सांगू शकला पाहिजे, एवढं आपण धरू. फुलसिंगला हे ऐकायला कठीण गेलं. तरी त्यानं ते धरलं, कारण हरभऱ्याच्या दिवसापासून त्यालाही तेवढंच हवं होतं.

मॅडमनी चित्रांची कार्डं करून दिली. बाटीचं, म्हणजे भाकरीचं एक, पाण्याचं एक, लाल बसचं एक. हवं ते कार्ड नयननं माणसाच्या हातात ठेवायचं आणि ठेवलं की ती गोष्ट लगेच द्यायची. एक कार्ड होतं नुसत्या उघड्या पंजाचं. पुरे, थांबा, नको, या अर्थाचं. घरात पुरे या अर्थी काय म्हणता असं मॅडमनी विचारलं तर मानीबाई म्हणाली, ‘बस’. तेव्हा त्या कार्डावर काही लिहायचं नाही आणि ते हातात आलं की कुणी काहीच बोलायचं नाही, नुसतं थांबायचं, असं ठरलं.

पंधरवडे गेले. नयन बाटीचं कार्ड मानीबाईच्या हातात ठेवायला शिकला; आधी राखी मागून त्याचा हात धरी, मग नुसता कोपर धरी. पाण्याचं कार्ड त्यानं दोनदा चावलं आणि एकदा सुनीलला दिलं. फुलसिंगला त्यानं एकही दिलं नाही. खरं तर फुलसिंगएवढी मेहनत कुणीच घेत नव्हतं. तो रोज कार्डं मांडून बसे आणि प्रत्येक कार्ड म्हणजे काय, ते का द्यायचं, कुणाला द्यायचं, न दिल्यास काय तोटा, हे नातवाला गोरबोलीत समजावून सांगे. नयन झाकण फिरवत बसे. फुलसिंगनं गौरी मॅडमला विचारलं की मलेच काहून देत नाही. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही थोडं थांबून बघा. फुलसिंगला वाटलं, थांबा म्हणजे धीर धरा. तो धीर धरून बोलत राहिला.

कापूस वेचणी चालू असतानाची एक संध्याकाळ. राखी आणि सुनील अजून परतले नव्हते, मानीबाई चुलीपाशी होती. अंगणात बाजेवर फुलसिंग बसला होता, शेजारी नयन. फुलसिंग त्याला अरुणावतीच्या पुराची हकिकत सांगत होता. बस पुलाच्या अलीकडे कशी अडकली, आत एक नवरदेव कसा होता, आपण सगळ्या वऱ्हाडाला कसा धीर दिला. पाणी पायरीला लागलं होतं. नवरदेवाचा बाप रडत होता. फुलसिंगनं त्याला काय सांगितलं ते तो सांगणार एवढ्यात नयन उठला आणि घरात गेला.

फुलसिंग सांगतच राहिला. त्याला श्रोता समोर असण्याची सवय होती, पण गरज नव्हती. नयन परत आला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं, मागून कुणी कोपर धरला नव्हता. तो आजासमोर उभा राहिला, त्याचा हवेत हलणारा हात पकडला, उलटा करून तळवा वर केला आणि त्यावर उघड्या पंजाचं कार्ड ठेवलं.

फुलसिंग वाक्याच्या मधोमध थांबला. नवरदेवाचा बाप तसाच रडत राहिला.

त्यानं कार्डाकडे पाहिलं. मग नातवाकडे पाहिलं. नयन त्याच्याकडे बघत नव्हता, पण गेलाही नव्हता. देणं पोचलं का याची वाट बघत असल्यासारखा उभा होता. मग तो बाजेवर चढला, आजाच्या पाठीला पाठ लावून बसला आणि झाकण फिरवायला लागला. फुलसिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. घशाशी फार काही आलं होतं, तिन्ही भाषांमधलं. त्यातलं त्यानं काहीच बोलून दाखवलं नाही. तसं त्याला सांगितलेलं होतं.

अंगणातला आवाज एकाएकी बंद झाला म्हणून मानीबाई पिठाच्या हातानं धावत बाहेर आली. काय झालं म्हणून तिनं विचारलं. फुलसिंगनं कार्ड वर करून तिला दाखवलं.